पीळकाट्यावरचं लिंबू

मार्कंड्याच्या जत्रेतून माणसं प्रसाद आणतात, बांगड्या आणतात, एखादा फारच हौशी असला तर पितळेची घंटी आणतो. मी चाकू आणला. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. वडशाला अजून छोट्या लाईनची गाडी यायची आणि माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. दोन्हींचा वेग साधारण सारखाच होता.

चाकू लाल मुठीचा होता. नखानं एक पातं उघडावं तर त्याच्या मागं दुसरं दिसायचं, त्याच्या मागं तिसरं. विकणारा ओरडत होता, "बारा काम करता है, साहब!" साहब म्हणाल्यावर मी घेऊनच टाकला. राईस मिलमध्ये मला कोणी साहेब म्हणत नव्हतं. तिथं माझं काम देखरेखीचं होतं, म्हणजे मशीन चालू असताना बघत बसायचं आणि बंद पडलं की ज्याला कळतं त्याला बोलावून आणायचं.

घरी येऊन मोजदाद केली. मोठं पातं, धाकटं पातं, करवत, कैची, पेचकस, डबा फोडायचा आकडा, माशाचे खवले काढायची पट्टी आणि शेवटी डुकराच्या शेपटीसारखा एक पीळदार काटा. हा कशाचा, ते घरात कोणाला सांगता येईना. वडील म्हणाले, मोडलेला असेल. पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं, की काही देशांत दारूच्या बाटलीत लाकडाचं बूच खोलवर ठोकतात आणि ते ओढून काढायला हा काटा लागतो. आमच्याकडं मोहाच्या बाटलीला बूच असलंच तर मक्याच्या कणसाचं असायचं, आणि ते दातांनी निघायचं. त्यासाठी हत्यार काढणाऱ्याला लोक हसले असते.

पण घेतलेली वस्तू वाया घालवणं आमच्या रक्तात नाही. पीळकाट्यानं मी पायजम्यात नाडा ओवला. कोंडा अडकलेली नळी मोकळी केली. तांदळाच्या पोत्यात तो फिरवून चार दाणे बाहेर काढायचे, तळहातावर घेऊन फुंकायचे आणि व्यापाऱ्यासारखं "हं" म्हणायचं, हेही मी करून पाहिलं. करवतीनं साबणाची वडी कापली. कैचीनं काहीच कापलं जात नव्हतं, म्हणून तिच्यानं गरम चहाचं भांडं उतरवायचं ठरवलं. भांडं उतरलं, पण चहा पायावर उतरला.

महिन्याभरात खीळ ढिली झाली आणि मूठ उकलली. शहाण्या माणसानं चाकू फेकून दिला असता. मी तो वडशाला स्टो दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडं नेला. चाचांनी तो डोळ्याजवळ धरून म्हटलं, "मेले का माल है, भाऊ. पर आदमी चाहे तो सुधर सकता है." हे चाकूबद्दल होतं की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही. त्यांनी सायकलच्या आऱ्याचा तुकडा कापून नवी खीळ ठोकली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण दोघांनाही रिकामा वेळ होता, आणि रिकाम्या वेळात माणूस सुधारणा करतो.

कैची काढून तिच्या जागी कानकोरणी बसवली. मुठीच्या एका अंगाला खर्ऱ्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या तंबाखू-सुपारीच्या, चुन्याची चपटी डबी रिव्हेट करून टाकली, म्हणजे एका हातात चाकू आणि दुसऱ्या हातात खर्रा असला की तिसरा हात लागायला नको. दुसऱ्या अंगाला लाईटचा टेस्टर. हात घसरू नये म्हणून वरून सायकलच्या ट्यूबचं रबर घट्ट गुंडाळलं. चाचांचे डोळे चमकायला लागले होते. "इसमें एक छोटा अडकित्ता भी बिठा दें क्या?" मी हो म्हटलं. शेवटी चाकू मेथीच्या जुडीएवढा झाला. खिशात मावेना, म्हणून कमरेला अडकवायला चामड्याची पिशवी शिवली, आणि ती पॅन्ट खाली ओढते म्हणून पट्टा घेतला. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. आणि खरं सांगायचं तर कोंबडीही शिजली नव्हती. बारा कामांपैकी एकही धड होत नव्हतं, पण मला तो फार आवडायचा.

अशात लग्न जमलं. मुलगी चामोर्शीच्या पुढच्या एका खेड्यातली. पाहायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी चहा यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मागच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं होतं. मांडव पडला, हळद लागली, स्वयंपाक झाला, आणि वरात आलीच नाही. पोरगा आदल्या दिवशीच दुसरीला घेऊन निघून गेला होता, पण हे सांगायलासुद्धा तिकडून कोणी आलं नाही. अख्खा दिवस वाट पाहून लोक जेवून घरी गेले. आणि जाताना, जगाची रीतच ती, पोरीच्या पायगुणाबद्दल बोलून गेले.

"तुमाले कायी मांगत नाई," तिचे वडील म्हणाले. "मानपान तुमी म्हनान तसा. फक्त टायमावर या. माह्या पोरीले परत तसं बसवू नका."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. चहा देताना तिनं एकदाच वर पाहिलं. मला वाटलं, ही मला पाहत नाहीये, हा येईल की नाही ते पाहतेय. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "आम्ही मुहूर्ताच्या आधी येऊ." माझ्या घराण्यात आजवर कोणी एस.टी.सुद्धा वेळेवर पकडली नव्हती, पण मी बोलून गेलो.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. हळद लागली, की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. हळदीच्या अंगाला भूतखेत लागतं, लोखंड जवळ असलं की ते लांब राहतं, अशी समजूत. लग्न लागेपर्यंत कट्यार हातातून सुटायची नाही. जेवताना नाही, झोपताना नाही, इतर ठिकाणी जाताना तर नाहीच नाही. आमच्या अख्ख्या गावात धड कट्यार एकच होती. ती या लग्नातून त्या लग्नात फिरायची. त्या वर्षी तिथ दाट होती, गावातून एकाच दिवशी तीन वराती निघायच्या होत्या, आणि कट्यार पहिल्या वरातीबरोबर सिंदेवाहीकडं गेली. दुसऱ्या घरानं भाजीचा विळा घेतला. तिसरे आम्ही.

आमच्या घरात सगळे कायदे आत्याबाईंच्या तोंडी असायचे. त्या वडिलांच्या थोरल्या बहीण, आणि घरात त्यांच्या वर फक्त देव होता. तोही विचारून वागायचा. कोणी म्हणालं, अडकित्ता द्या. आत्याबाई म्हणाल्या, "सुपारी कापाले चालला का थो?" कोणी म्हणालं, कोयता द्या. तो बकरे कापायचा निघाला. मग त्यांची नजर माझ्या कमरेकडं गेली. "थे काय लटकून राह्यलं? लोखंड हाय ना त्याच्यात?"

लोखंडाला तोटा नव्हता. प्रश्न लिंबाचा आला. मोठ्या पात्याला लिंबू खोचलं की पातं मुठीत मिटायचं आणि लिंबू बोटावर पिळलं जायचं. धाकट्या पात्यानं लिंबाचे दोन तुकडे झाले, ते अपशकुनी. करवतीवर बसेना. तेव्हा मी पीळकाटा उघडला आणि लिंबू त्यावर फिरवत बसवलं. असं घट्ट बसलं की हलवूनही पडेना. सगळे बघत राहिले. एखादं हत्यार जन्मभर ज्या कामाची वाट पाहतं ते काम त्याला असं मिळावं, याचा मला आनंद झाला.

"आता याद ठेवजो," आत्याबाईंनी बोट उभारलं. "अंतरपाट पडेवर हातातून सुटला नाई पायजे. सुटला की लगन इस्कटलं समज."

वरात एका मेटॅडोरमध्ये कोंबली. मागं पस्तीस-चाळीस माणसं, पुढं ड्रायव्हर, आत्याबाई आणि कपाळाला बाशिंग बांधलेला मी. मांडीवर चाकू, चाकूवर लिंबू. ड्रायव्हरनं निघतानाच सांगितलं, की त्याच्या हत्यारांची पेटी दुसऱ्या वरातीच्या गाडीत राहिली. "पन तुमच्याकडं बारा हत्यारं हायेत म्हनतेत लोकं." मी अभिमानानं मान हलवली. अभिमानाची ही एक खोड आहे, तो मान हलवताना विचार करत नाही.

गडचिरोली मागं पडली आणि जंगलात गाडी दोन गचके देऊन उभी राहिली. डिझेलच्या नळीला चीर गेली होती. ड्रायव्हर खाली उतरला, हात पुढं केला. "द्या भाऊ चाकू."

"खबरदार!" आत्याबाई आतून गरजल्या. "कट्यार हाय थे."

"बाई, पेच खोलाचा हाय."

"मंग ज्याच्या हातात हाय थो खोलंल."

म्हणजे मी. हळदीनं पिवळा, नव्या धोतरात, बाशिंगासकट मी मेटॅडोरच्या पोटाखाली शिरलो. शेजारी ड्रायव्हर पाठीवर पडून कुठला पेच ते दाखवत होता. पेचकस उघडला की लिंबाचा पीळकाटा त्याच्या पाठीमागं उभाच असायचा, आणि मनगट फिरवलं की लिंबू बरोबर माझ्या डोळ्यांवर येऊन घासायचं. पहिल्याच पेचाला ते फुटलं. रस डोळ्यात गेला. मी बोंबललो. वरून आत्याबाईंचा हात खाली आला, हातात दुसरं लिंबू. त्यांनी पिशवी भरून आणली होती. आडमुठेपणालाही तयारी लागते.

बाकी वरात मोहाच्या झाडाखाली सावलीला बसली, आणि चाकू हवा असणं हा साथीचा रोग पसरला. गाडीखालून निघालो तोच मावसोबा समोर पाय करून बसलेले. चपलेतून काटा शिरला होता. चाकू द्यायचा नाही, म्हणून नवरदेवानं त्यांचा पाय मांडीवर घेऊन काटा काढला. चुलत्यांना खर्ऱ्याला चुना हवा. डबी चाकूला, चाकू माझ्या हातात, म्हणून चुलते माझ्या मुठीतून चुना खोदून घेत होते. पोरं कैऱ्या पाडून आणत होती आणि ओळीनं माझ्यासमोर धरत होती. मी कापत होतो. कोणी म्हणालं, मीठ आहे का? कोणाकडं तरी मीठही निघालं. एकानं तर कानकोरणी पाहून पागोटंच उतरवलं.

अध्येमध्ये मी गाडीखाली जाऊन यायचो. मुठीवरचं रबर सोलून नळीच्या चिरेवर गुंडाळलं. गाडी चालू झाली, थोडी गेली, आणि पुन्हा उभी राहिली. रबर डिझेलनं फुगून सुटलं होतं. पुन्हा सगळे उतरले, पुन्हा सावली शोधली, पुन्हा कैऱ्या. कोणालाही घाई नव्हती. लग्नाला निघालेली माणसं रस्त्यातच लग्न झाल्यासारखी खूष होती.

मुहूर्त टळून गेला होता. मी वडिलांना म्हणालो, "तिकडं ते लोक वाट पाहत असतील." वडील म्हणाले, "पाह्यतीन ना. पोरीकडचेच लोकं थे, जातेत कुठी?" आणि कैरीची फोड तोंडात टाकली.

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात सणक गेली. ती जात कुठं, हे खरंच होतं. मागच्या वर्षीही गेली नव्हती. आताही हळदीच्या अंगानं बसली असेल, आणि मांडवातल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या असतील. आपण काय करतोय? चार हात असलेल्या देवासारखं रस्त्यात बसून कैऱ्या कापतोय! मला एकदम स्वतःची, चाकूची आणि त्या लिंबाची लाज वाटली, आणि आत्याबाईंचा राग आला. तो लहानपणापासूनचा साठलेला होता, त्यामुळं भरपूर होता.

तेंदूपत्त्याची पोती भरून एक ट्रक चामोर्शीच्या बाजूला निघाला होता. मी रस्त्यात आडवा उभा राहिलो. बाशिंग बांधलेला, काळ्या तोंडाचा माणूस समोर दिसल्यावर ट्रक थांबणारच. मी चाकू लिंबासकट आत्याबाईंच्या हातात ठेवला.

"हे धरा. कट्यार तुम्ही आणा. मी लग्नाला जातो."

"अरे सुटली! हातातून सुटली!" असा आक्रोश मागं उठला. वडील धावत आले. तोवर मी पोत्यांवर चढलो होतो. ट्रक ड्रायव्हर खिडकीतून मान वर करून म्हणाला, "दूल्हा अकेला? बारात किधर है?" मी म्हणालो, "बारात कैरी खा रही है. चलो." वरातीमागून घोडं ही म्हण आपण ऐकतो. आमच्याकडं घोडं पुढं गेलं आणि वरात मागं राहिली.

पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मांडवाच्या जांभळाच्या डहाळ्या सुकून खाली लोंबत होत्या. अर्धे लोक उठून गेले होते, उरलेले पंगतीच्या जागेवर गुपचूप बसले होते. कुत्री पत्रावळींभोवती फिरत होती. वाजंत्रीवाले वाद्यं पिशव्यांत घालत होते. मी पोत्यांवरून उडी मारली तेव्हा कोणी उठलंही नाही. अंगावर तेंदूच्या पानांचा चुरा, धोतर डिझेलनं काळं, डोळे लिंबानं लाल. कोणा बाईनं मला ट्रकचा क्लीनर समजून पाण्याची जागा दाखवली.

"मी नवरदेव आहे," मी म्हणालो. असं सांगायची वेळ कोणावर येऊ नये.

मग एकच गलका झाला. वरात कुठं? मागून येतेय. बाप कुठं? मागून. मुलीच्या चुलत्यांनी माझे दोन्ही हात पाहिले आणि त्यांचा आवाज चढला. "कट्यार कुठी? बिनकट्यारीचा नवरदेव मांडवात घ्याचा? आधीच पोरीचं एकदा असं झालं, आता अपशकुन बी आपूनच करावं?" दोनचार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

मुलीचे वडील तोवर खांबाला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्यामागच्या रिकाम्या रस्त्याकडं पाहिलं, आणि भावाला म्हणाले, "कट्यारी आपल्या घरी दोन हायेत. मांगच्या साली बी होत्या. नवरदेव नोता."

वाजंत्रीवाल्यांनी पिशव्या सोडल्या. माझ्या पाठीशी उभं राहायला मामा पाहिजे होता. माझा मामा मोहाच्या झाडाखाली झोपला होता, म्हणून जेवणासाठी थांबलेला ट्रक ड्रायव्हर उभा राहिला. त्याला मंगलाष्टकं येत नव्हती, पण "सावधान" तो सगळ्यांच्या वरच्या आवाजात म्हणाला. वर्षभर घाटातल्या पाट्यांवर तो तेच तर वाचत आला असणार.

अंतरपाट खाली गेला. नवरी मुलगी अशा वेळी पायाकडं पाहते. ही सरळ माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. काजळी, चुरा, विस्कटलेलं बाशिंग, सगळं नीट पाहून तिनं हळूच विचारलं, "तुमीच ना जी?"

"मीच," मी म्हणालो. तिनं हार घातला.

वरात आली ती आम्ही जेवायला बसलो तेव्हा. सगळ्यांत पुढं आत्याबाई होत्या. एका हातानं मेटॅडोरचा दांडा धरलेला, दुसऱ्या हातात चाकू उभा, त्यावर लिंबू. रस्ताभर त्यांनी तो हातातून सोडला नव्हता, पाणीसुद्धा डाव्या हातानं प्याल्या होत्या. लग्न लागून गेल्याचं कळल्यावर त्या म्हणाल्या, "लागनारच. कट्यार सुटू देल्ली का मी?" त्यांना पंगतीत पहिला मान दिला.

लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी बायकोनं मला त्या दुपारचं सांगितलं. बायका तिला म्हणत होत्या, बाई, आत चल, अंग धुऊन टाक, किती वेळ अशी बसशील. मागच्या वर्षी त्यांचं ऐकून ती उठली होती, आणि आपल्याच हातानं विहिरीवर हळद धुतली होती. या वर्षी ती पाटावरून उठली नाही. पाय बधिर झाले तरी नाही. "माले तुमचा भरोसा नोता," ती म्हणाली, "पन परत थे हळद मी धुनार नोती."

आता आम्हाला नातवंडं आहेत. तरी मी कुठंही निघालो, वडशाला निघालो, गडचिरोलीला निघालो, की ती दारापर्यंत येते. कधी येता, असं इतर बायका विचारतात तसं ती कधी विचारत नाही. "येता ना?" एवढंच विचारते. गावातल्या गावात चक्कीवर निघालो तरीसुद्धा, आणि मी हो म्हटल्याशिवाय दळणाची पिशवी हातात देत नाही.